निखिलचा नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि अजूनही इकडचं तिकडचंच सुचतंय.

मी अमेरिकेत एका बेसबॉल संघाच्या ऑफिसात काम करतो. मुख्य संघात जागा मिळावी म्हणून पोरं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या संघांत, वर्षानुवर्षं घाम गाळतात. त्यांतलं कोण पुढे जाईल याची क्रमवारी आम्ही लावतो. मी नागपूरचा, क्रिकेटवर वाढलेला — पण चेंडू टाकणाऱ्याचा हात मला कळतो. तेवढी घमेंड आहे मला.

निखिल सुहासदादाचा मुलगा. दादा सख्खा भाऊ नव्हे; इथे शिकायला आलो तेव्हा आम्ही दोघं स्टेट कॉलेज नावाच्या गावात एकत्र राहिलो. मी तापाने फणफणलो तेव्हा त्यानेच माझं सगळं केलं. पुढे मॉरिसव्हिलला घरंही शेजारी घेतली. बुद्धपौर्णिमेला दोन्ही घरांची खीर एकाच पातेल्यात शिजते.

निखिल आमच्याच संघात आला आणि काही वर्षांनी त्याला काढून टाकलं. त्या आठवड्यात दादा माझ्याकडे आला. म्हणाला, "तू होतास म्हणून एवढं तरी खेळला रे. तू भांडला असशील, माहितीये मला."

"खूप भांडलो, दादा," मी म्हणालो.

भांडलो? कुणाशी?

क्रमवारी ठरवायच्या बैठकीत निखिलला वरच्या खेळाडूंत ठेवायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याचा डावा हात आमच्याकडे सगळ्यांत चांगला होता — हे माझंच मत, मीच आधी मांडलेलं. आमचा घरोबा सगळ्यांना माहीत होता. साहेब सहज हसून म्हणाले, "युअर बॉय, राइट?"

बस, एवढंच. मला आमचं कॉलेज आठवलं. इंजिनीअरिंगला असताना पोरं म्हणायची, "तुझं काय, तुझी सीट राखीव!" मार्क दाखवले तरी म्हणायची. इथेही तसंच कुणी म्हणालं तर? आपल्या माणसाला वर चढवलं म्हणालं तर? पण ती पोरं त्या खोलीत नव्हती. त्यांच्या आड मला लपायचं नाही.

मी म्हणालो, "ही इज नॉट रेडी." आणि त्याचं नाव पार तळाला नेलं. कुणी हरकत घेतली नाही. घरचाच माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर कोण घेणार? तळाच्या पोरांना काढलं, त्यात तो गेला.

निखिल आता विमा विकतो. परवाच्या पौर्णिमेला आमच्या अंगणात माझ्या मुलीला चेंडू कसा धरायचा ते शिकवत होता. मी दिसलो तसा म्हणाला, "काका, टेल मी ऑनेस्टली — वॉज आय एनी गुड?"

दादा बाजूलाच उभा होता, हातात खिरीची वाटी.

मी म्हणालो, "थोडा कमी पडलास रे."