पायातलं काढ

"पायातलं काढ अन् मंग वर ये," मालक म्हणाला.

मी पायरीशी उभा होतो. वय एकोणीस. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. उजव्या गुडघ्याखाली जालन्याच्या शिबिरात मिळालेला लाकडी पाय, घरी येऊन आठच दिवस झालेले. तो बुटासकटच मिळाला होता, बूट खिळ्यांनी ठोकलेला. मी तसं सांगितलं.

"मालक, ह्यो बूट निघत न्हाई. पायालाच ठोकेल आहे."

"मंग पायच काढ."

ओट्यावरचे सगळे हसले. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहिलं. वाटलं, एखादा तरी म्हणेल, राहू द्या. मी पायरीवर बसलो, पट्टे सोडले, पाय काखेत मारला आणि ढुंगणावर सरकत सरकत चार पायऱ्या चढलो.

मला बोलावलंच होतं पाय दाखवायला. मालकाच्या मुलाला, भाऊसाहेबाला, तो बघायचा होता. त्याचाही पाय गेला होता, उजवाच. माझा गेला त्यांच्या मळणी यंत्रात, त्याचा गेला त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलवर. त्याचा नवा पाय पुण्याहून माप देऊन करून आणलेला. त्यावर चकचकीत काळा बूट, आणि तो बूट सरळ गादीवर. बूट घालूनच तो घरभर हिंडायचा.

माझा पाय त्यानं दोन बोटांत धरून उलटासुलटा केला. म्हणाला, "हा तर जनावराचा खूर दिसून राह्यला." पुन्हा हशा.

खरं सांगतो, अपमान मला घरी पोचल्यावर कळला. ओट्यावर कळला तो नुसता हेवा. नजर त्या काळ्या बुटावरून हलेना. आमच्या भीमनगरातली पोरं ऐकून पेटली, म्हणाली, चल, जाब विचारू. मी हो हो म्हणालो. आणि मनात काय चाललं होतं? तो पाय मला का नाही. लाज वाटते सांगायला, पण खोटं कशाला बोलू.

शिबिरात आम्हाला सतरंजीवर चालवलं होतं. चार पावलं, टाळ्या, फोटो. आमच्या गावात सतरंजी कुठून आणायची? नांगरटीतल्या पहिल्याच ढेकळावर तो पाय कलायचा नाही, मलाच कलता करायचा. मी आडवा. दोनदा तोंड फुटल्यावर मी बांधावर बसायला शिकलो.

आई रोजानं ढेकळं फोडायला जायची. मी बांधावरून बघायचो आणि जळायचो. आईवरसुद्धा. तिचा अनवाणी पाय ढेकळावर पडला की आपसूक कडेला कलायचा, बोटं माती धरायची, मग टाच सुटायची. तिला त्याचा पत्ताही नसायचा. एवढंच काय, मी आमच्या शेळीवरही जळलो. बांधाच्या उतारावर तिच्या खुराच्या दोन फाका वेगवेगळ्या टेकायच्या. एक दगडावर, एक मातीत, आणि शेळी आरामात पाला ओरबाडतेय. खूर. भाऊसाहेबाचा शब्द. त्या दिवसापासून मी खुराकडं नीट बघायला लागलो.

धडधाकट माणसाला पाय कसा चालतो ते दिसत नाही. जळणाऱ्याला दिसतं.

पुढं जालन्यात पाय बनवायच्या एका छोट्या कारखान्यात मी झाडू मारायला लागलो. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एकदा धीर करून विचारलं, "चाचा, पंजा मधून चिरला तर?"

"चीर के देख," ते म्हणाले. "बिगडा तो रबर अपनाच है."

मग मी पाय करायला घेतला: खाली टायरचं रबर, आत नरम रबराची गादी, पंजा मधोमध चिरलेला, घोटा दोन्ही बाजूंना कलणारा. बूट नको, अनवाणी चालणारा पाय. पहिले चार फाटले, त्यात काही वर्षं गेली. पाचवा घालून मी गावच्या नांगरटीत उतरलो. आई पुढं, मी मागं, या बांधापासून त्या बांधापर्यंत. एकदाही पडलो नाही. आई पदर डोळ्याला लावून उभी राहिली. मी मालकाच्या ओट्याकडं बघत होतो.

वर्षभरात मालकाचं बोलावणं आलं. पुण्याचा पाय फरशीवर झकास चालायचा, शेतात भाऊसाहेब स्वतःच्याच ढेकळात पडला होता. ऐकून मला गोड वाटलं. फार गोड वाटलं.

मी गेलो. माझ्या केलेल्या पायात बाजारातली साधी चप्पल. मालक म्हातारा झाला होता, पण बसायची जागा तीच.

"पायातलं काढ अन् ये वर. माप घे ह्याचं."

आता चप्पल निघत होती. आणि माझा हात खाली चाललाही होता, आपोआप. तो मी मधेच अडवला. त्या हाताचा जेवढा राग आला तेवढा मालकाचाही कधी आला नाही.

"आता निघती, मालक," मी म्हणालो. "पण काढणार न्हाई."

"मंग माप कसं घेणार तू?"

"माप मी ढेकळात घेतो. भाऊसाहेबांनी खाली यावं."

या वेळी कुणी हसलं नाही. भाऊसाहेब माझ्या पायाकडं टक लावून बघत होता. ती नजर मी ओळखली. त्याच ओट्यावर, त्याच्या बुटाकडं, मी तसंच बघितलं होतं.

तो उतरला नाही. मी चप्पल वाजवत परत आलो.

हेवा अजून गेला नाही. रस्त्यानं कुणी दगडधोंड्यांतून सहज चालत गेला की अजून जळतो, आणि दुसऱ्या दिवशी घोट्याचं रबर बदलून बघतो. कारखान्याच्या मागं मी नांगरटीचा एक तुकडा राखलाय. ज्याला पाय हवा त्याचं माप तिथंच घेतो. भाऊसाहेबाचाही पाय करीन, चांगला करीन, हात राखून करणार नाही. ओट्याला चार पायऱ्या आहेत. त्यानं उतराव्यात. मी चढणार नाही.