पहिला भाग फुकट

मंडळी, आज माझ्या पोरीनं माझी मस्त फजिती केली.

लहानपणी वणीत मामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आम्ही राक्षस मारायचा एक गेम खेळायचो. शेवटचा राक्षस मेला की इंग्रजीत पाटी यायची. ती कोण वाचते? आम्ही ओरडायचो, "जिंकलो!", आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आज पोरीनं तोच गेम नेटवर शोधून खेळला. पाटी वाचून म्हणते, "बाबा, हा तं पहिलाच भाग आहे! पुढचे भाग मागवा, असं लिहून आहे."

मग तिनं त्या गेमची सगळी कथा शोधली. मोजक्या पोरांनी तो बनवला, पहिला भाग फुकट सोडला, कॉपी करून दोस्तांना द्या म्हणाले. लोकांना आवडला, तशी पुढचे भाग विकून मोठी मालिका उभी राहिली.

वाचता वाचता ती थांबली. कोळशाच्या खाणीत भुतांशी लढणाऱ्या ट्रकवालीचा गेम तिनं स्वतः बनवलाय, पण अर्धाच आहे म्हणून कोणाला दाखवत नव्हती.

"बाबा, माहा पहिला भाग तं पूर्ण आहे ना?"

"मंग कायले थांबून राह्यली?"

लिंक कमेंटमध्ये आहे. खेळा, दोस्तांना पाठवा. आवडला तर तिले एवढंच विचारा, दुसरा भाग कधी?