भर तळ्यात ट्यूब मऊ पडली

मंडळी, बोटं अजून गारठलेलीच आहेत, टायपिंगच्या चुका समजून घ्या.

सीझनचे शेवटचे पर्च मासे धरायला आज इथे परदेशात, आमच्या बॉथेल गावाजवळच्या तळ्यात फ्लोट ट्यूब घेऊन उतरलो. हवा भरलेली खुर्चीच ती. बसायचं आणि पायात घातलेल्या रबरी फिन्सनी पाणी मागे लोटायचं.

मध्यावर पोचलो आणि बुडाखालची ट्यूब मऊ लागली. पंक्चर! पाणी बर्फासारखं. मासेमारी सोडून जिवाच्या आकांताने पाय मारत सुटलो, पण काठ जवळ येईचना यार.

कसाबसा पोचलो, तर काठावर थांबलेल्या बायकोने ट्यूब दाबून पाहिली. "घरात हीटरपाशी हवा भरलीस ना? गार पाण्यात आकसली. इंजिनिअर ना तू?"

तेवढ्यात नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल. "चेहरा काहून पांढराफटक पडला रे?"

"थंडी आहे गं."

असल्या वेळी तुम्ही घरी खरं सांगता?