सीलमधला गुलाल

अन्याय झाला तो आक्कावर. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या कारखान्यातल्या क्लीनरूमच्या दारात. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघितली होती. त्या वेळी मी काचेच्या अलीकडं उभी राहून हसत होते, तेही इथं लिहून टाकते.

कारखाना म्हणजे ओतकामाच्या भट्ट्यांमागची पत्र्याची शेड. बाहेर काळी वाळू आणि धूर, आत धुळीचा कणही शिरू नये अशी एक पांढरी खोली, तीच क्लीनरूम. तिथं आम्ही एका प्रयोगशाळेसाठी पिशव्या करत होतो. जिवंत पेशी वाढवून केलेलं कृत्रिम यकृत या गावाहून त्या गावाला न्यायचं, तर कशात घालून? पेशी जिवंत, त्यामुळं त्या उकळता येत नाहीत, की औषधानं धुता येत नाहीत. शुद्ध राहायचं ते पिशवीनंच. आत ट्रे, त्यावर एक पिशवी, तिच्यावर दुसरी. माणसाला लावायची पाळी अजून लांब होती; आधी नुसत्या वाहतुकीची चाचणी होती.

पिशव्यांची चित्रं, म्हणजे मापांसकट आराखडे, मी काढायचे. त्याआधी कॉलेजात मोर्च्यांची पत्रकं लिहायचे, म्हणून मालक मला ‘पुढारीण’ म्हणायचे. आक्का सील मारायची, म्हणजे पिशवीच्या कडा गरम दाबून बंद करायची. शिरोळकडची बाई. धाकटी-थोरली सगळी तिला आक्काच म्हणत. माझी पहिली पिशवी तिनं दोन ओले हातमोजे चढवून उघडायला घेतली आणि ओरडली, “पुढारनी, ही शेपटी कशानं धरू? दातानं?” उघडायची पट्टी मी नखाएवढी ठेवली होती. ती तिनं अंगठ्याएवढी करायला लावली. तीन वर्षं शिकून मला जे सुचलं नव्हतं, ते तिच्या ओल्या बोटांना एका मिनिटात कळलं.

त्या सोमवारी पहिला माल निघायचा होता. मालक जोतिबाच्या डोंगरावरून थेट कारखान्यात आले. केस गुलाबी, सदरा गुलाबी, हातात गुलालाची पुडी. पहिला माल, तर मशीनला गुलाल लागलाच पाहिजे. आमच्याकडं नवी गाडी आणा नाहीतर नवा ट्रॅक्टर, गुलाल लागल्याशिवाय चाक हलत नाही. पण ही काय गाडी होती?

आक्का दारात आडवी उभी राहिली. “मालक, बाहेरच थांबा. काचंला लावा की गुलाल.”

“पुढं ह्या रिकाम्या पिशव्या किरणांनी निर्जंतुक होणारच हायत की!”

“जंतू मरतील. गुलाल मरतोय व्हय? एक कण सीलमधी घावला की तिथनं जंतूंना वाट पडती.”

“जोतिबाचा गुलाल हाय त्यो. देवाला अडवतीस?”

तेव्हा आक्का म्हणाली, “जोतिबा आला तरी टोपी-गाऊन घालूनच आत. आणि त्यो घालंल की! त्याला कळतंय.”

आम्ही सगळे हसलो. आमच्या हसण्यानंच मालकांचा चेहरा गुलालापेक्षा लाल झाला. ते चपलांसकट आत गेले आणि त्यांनी मशीनवर चिमूट टाकली. आक्कानं मशीन बंद केलं. मग उघड्यावर असलेल्या सगळ्या पिशव्यांवर एकेक करून ‘नापास’ लिहिलं आणि नोंदवहीत कारण लिहिलं : खोलीत गुलाल. मालक म्हणाले, खोड ते. ती म्हणाली, न्हाय.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात कागद पडला. ‘जोतिबा आला तरी टोपी-गाऊन घालूनच आत’ असं बोलून देवाचा अपमान केला. माफी लिहून द्यावी आणि नोंद दुरुस्त करावी, तोवर कामावर येऊ नये.

साक्षीला मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “ती असं बोलली का?” मी म्हणाले, “बोलली.” एवढंच. खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. दुसऱ्याचं वाक्य तोडून छापायचं नाही, हे पत्रकं लिहिताना मी शेकडो वेळा इतरांना बजावलं होतं. आणि इथं ‘त्यो घालंल की, त्याला कळतंय’ गिळून मी जाग्यावर येऊन बसले. दरवर्षी अनवाणी डोंगर चढणाऱ्या बाईला देवद्रोही ठरवायला माझा एक शब्द पुरला.

चार दिवसांनी मी पुरं वाक्य लिहून, सही करून दिलं. त्या दिवसापासून माझं टेबल खोक्यांच्या खोलीत आहे. असू दे. तिथूनही चित्रं काढता येतात.

आक्का अजून घरीच आहे. तिला भेटायला गेले तर ओसरीवर पाहुण्यांची रांग. नणंद, शेजारी, कारखान्यातलेच दोघे. सगळ्यांचं एकच : “आगं, दोन वळी लिहून दे आणि मोकळी हो. काय जातंय तुझं?” ती शेंगा फोडत म्हणाली, “माझं काय बी जात न्हाय, पावणं. पिशवी मातूर जाती की. तिच्यातलं यकृत ज्याच्या अंगात जाणार हाय, त्याला इचारा.”

कारण माफीबरोबर ती नोंदही पुसली जाणार. नापास पिशव्या पास होणार. पुढच्या चाचण्या त्याच खोट्या कागदावर उभ्या राहणार, आणि एक दिवस तसल्याच पिशवीतून यकृत निघेल, खऱ्या माणसाच्या खाटेकडं. तो माणूस तुमच्या घरातलाही असेल.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही तिचे शेजारी असा, पाहुणे असा, नाहीतर त्या दिवशी माझ्या शेजारी उभे राहून हसलेले असा. तिच्या ओसरीवर जाऊन तिची समजूत घालणं आजपासून बंद करा. बोलायचंच असेल तर मालकाच्या केबिनमध्ये जाऊन बोला. तिथं ती नोंदवही उघडायला लावा, आणि आक्काचं पुरं वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवा.