इनलेट व्हॉल्व्हवरची खपली

गोवा मुक्त होण्याच्या काही वर्षे आधी आमची इंजिनिअर कंपनी इंदापूरजवळ भीमेच्या काठी तळ ठोकून होती. तराफे बांधून नदी ओलांडण्याचा सराव चाले. मी मोटारसायकल दुरुस्तीचा हवालदार, गाव बारामतीजवळचे कन्हेरी. निरोप पोचवणारा डिस्पॅच रायडर नाईक युसूफ मुलाणी लासुर्ण्याचा.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्याने गाडी वर्कशॉपच्या तंबूपाशी लावली.

"उस्ताद, गाडी शिंकतीया. थंड असली की कार्बोरेटरातनं फाटदिशी."

"तुझ्यासारखीच नाजूक झाली."

"माझं हसण्यावारी न्या. तिचं नका नेऊ."

शिंक म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, पेट्रोल-हवा आत घेणारी झडप, नीट बसत नाही, हे मला ठाऊक होते. व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ते गाइड झिजले की तेल झिरपते, व्हॉल्व्हच्या पाठीवर जळते आणि कार्बन साचतो. पण आमच्याकडे कार्बन शोधायचा तो एक्झॉस्टच्या, धूर बाहेर पडतो त्या बाजूला. इनलेट पेट्रोलने आपोआप धुतला जातो, असे सगळे म्हणत. तो कोणी काढत नसे. काढायचा तर चार तास. बाराला माझी रजा सुरू होणार होती. मी प्लग बदलला, टॅपेट जुळवले, इंजिन गरम करून चालवले. शिंक आली नाही. जॉब कार्डावर 'दुरुस्त' लिहून सही केली.

११.४० ला वायरलेसवर निरोप आला. वरच्या अंगाला पाणी वाढत होते. ओढ्यापलीकडे, नदीच्या सखल काठावर सहा जवान तराफा सोडवत होते. त्यांच्याकडे वायरलेस सेट नव्हता.

कंपनी कमांडर म्हणाले, "मुलाणी, सहाही जण उंचावर. तराफा सोडून द्या. रिपोर्ट बॅक."

"जी साब."

११.५० ला तो निघाला. इंजिन थंड झाले होते. ओढ्यावरच्या बुटक्या फरशी पुलावर, घोटाभर पाण्यात, गाडी दोनदा शिंकली आणि बंद पडली. फरशीवरच्या सेंट्रीने ते ऐकले. मुलाणी गाडी तिथेच ठेवून पळत गेला. साडेबाराच्या आत सहाही जण उंचावर होते.

तो परतला तेव्हा फरशीवर मांडीभर पाणी होते. तो गाडीकडे वळला.

सेंट्री ओरडला, "सोड ती गाडी!"

"माझ्या नावावर हाय ती!"

१२.४५ ला पाण्याने त्याला ओढून नेले. तिसऱ्या दिवशी दोन मैल खाली तो सापडला. गाडी फरशीलगतच पडली होती.

माझी रजा रद्द झाली होती; इंजिन मीच उघडले. इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा, कडक थर होता. त्याची नखाएवढी खपली व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर अडकली होती. अधिकारी येण्याआधी मी ते सगळे खरवडून टाकले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्करी चौकशीत, सेंट्रीने शिंकेचे सांगितले. मी म्हणालो, "पाण्यानेही तसे होते, सर." निष्कर्ष लिहिला गेला: चालकाने गाडी पाण्यात घातली.

महिन्याभराने मी लासुर्ण्याला गेलो. त्याचे वडील वांग्यांना पाणी देत होते.

"हवालदारसाहेब, कागदात लिवलंय, पोरानं गाडी पाण्यात घातली. त्याचं चुकलं व्हय?"

"न्हाय, आबा."

त्यांनी मान हलवली आणि खोऱ्याने दुसऱ्या वाफ्याकडे पाणी वळवले. मग कुणाचं चुकलं, हे त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही.

आबा आता नाहीत. नाईक युसूफ मुलाणीने सहा माणसे वाचवली. गाडी शिंकते, हे त्याने सकाळी साडेसातलाच सांगितले होते.