काकूंच्या हॉलमधली भिंत

यवतमाळला मी आलो तो एका ठेकेदाराबरोबर, भिंतींवर टेक्श्चरचं काम करायला. गाव माझं कोल्हापूरच्याही पलीकडं. शाळा आठवीत सुटली आणि हातात पुट्टी-रंग ओढायची पट्टी आली, ती अजून सुटलेली नाही. काम एका निवृत्त जोडप्याच्या घरी होतं. दोघांचाही जन्म कचेरीत गेलेला. तिथंच मला टायफॉईड झाला. ठेकेदार बाकीची माणसं घेऊन पुसदच्या कामावर निघून गेला. काकूंनी मला मागच्या खोलीत झोपवलं, मऊ भात भरवला, कपाळावरच्या घड्या बदलल्या. माझ्या आईनं याहून जास्त काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

म्हणूनच तर अडकलो.

बरा झाल्यावर बाकीच्या खोल्या त्यांच्या मनासारख्या झाल्या. राहिली हॉलची एक भिंत.

"ही माही वाटली पाहिजे," काकू म्हणायच्या. "घरात आल्या आल्या माणसाले कळलं पाहिजे, ही या बाईची भिंत आहे."

आधी ओल्या मातीचा रंग दिला, त्यावर स्पंजनं पांढरे ढग काढले. "सुंदर आहे रे, पण हे मी नाही." मग निळ्यावर चंदेरी हात फिरवला. "हे तर ब्युटी पार्लर झालं!" मग घासायचं, पुट्टी भरायची, वाळू द्यायचं आणि पुन्हा सुरू. काका पेपराआडून म्हणायचे, "पांढरा मार बे, पांढरा. नाहीतर इथंच म्हातारा होशील."

"जन्मभर तुमच्या पांढऱ्या भिंतीच पाह्यल्या मी," काकू तिकडून.

एकदा मी विचारलंच, "काकू, तुम्ही नेमक्या आहात तरी कशा?"

"मले माहीत असतं तर तुले कायले सांगतलं असतं?"

तिकडं बायको माहेरी बाळंत झाली. मुलगी. काकूंना सांगितलं तर त्यांनी शिरा केला. पण बारशाला जायचंय, हे माझ्या तोंडून निघेना. ज्या बाईनं मला मरणातून उठवलं तिची भिंत अर्धी टाकून कसं निघायचं? रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. चहा यायचा, काकू विचारायच्या, "आज कोणता रंग?" आणि मी पट्टी उचलायचो. दिवसभर त्या भिंतीकडं तोंड. मागं दार आहे हेसुद्धा विसरायला व्हायचं.

बारशाच्या आदल्या दिवशी शेंदरी लावायला घेतला. हे काम एकदा सुरू केलं की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात न्यावं लागतं. मध्ये थांबलं की ओली कड वाळते आणि तिथला जोड कायमचा दिसतो. मी निम्म्यावर असताना फोन वाजला. हात भरलेले, म्हणून काकूंनी फोन माझ्या कानाला धरला. बायकोचा आवाज मोठा.

"उद्या बारसं हाय. गाडीत बसलाय का न्हाई?"

"बघतो," मी म्हणालो. हात चालूच होता.

काकूंनी फोन खाली घेतला. "उद्या?"

"हं."

"अन् तू इथं भिंत रंगवून राह्यला? काहून नाही बोलला बे?"

"तुम्ही माझं एवढं केलंत..."

"म्हणून बापाशिवाय पोरगी पाळण्यात घालतो? मले पाप लावतो काय? ठेव ते खाली."

"जोड दिसंल, काकू."

"दिसू दे."

हात काही थांबेना. शेवटी त्यांनी माझं मनगट धरून बाजूला ओढलं, पट्टी काढून घेतली. कड डोळ्यांदेखत वाळायला लागली. मला ते बघवेना आणि जागचं हलवेनाही. बाहेरून काकांचा आवाज आला, "चाल लवकर, संध्याकाळची ट्रॅव्हल्स भेटते. गाडी काढली मी."

काकू गेटपर्यंत आल्या, हातात डबा दिला. मी उगाच रेंगाळलो. भिंतीबद्दल त्या काही बरं बोलल्या असत्या तर मोकळं वाटलं असतं.

"शेंदरी काही आवडला नाही मले," त्या म्हणाल्या. "पण तू जाय बाप्पा."