रोजची भाकर, रोजची सुई

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी मुखेडच्या घरी ज्वारी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली गं. जेवली, पेपर घेऊन खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्याच..." मी फोन तसाच कानाला धरून राहिले. आणि आज खरं ते लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, रडू यायच्या आधी माझ्या छातीतून एक लांब श्वास सुटला. सुटकेचा. पन्नास वर्षं आमच्या घरात जी भीती ठाण मांडून होती, तसं काहीच झालं नव्हतं. आक्का बेशुद्धीत गेली नाही, तिचे डोळे शाबूत राहिले, पाय शाबूत राहिले. साठी ओलांडून, पोटभर जेवून, चष्मा नाकावर ठेवून माझी मोठी बहीण गेली. जिला अकराव्या वर्षी लोकांनी मेल्यात जमा धरलं होतं, ती.

आम्ही मूळचे औशाचे. वडील, म्हणजे दादा, प्राथमिक शाळेत मास्तर. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर घरात जन्मलेल्या पहिल्या मुलीचं नाव ठेवलं सुजाता. मी तिच्या पाठची. बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या वस्तीतला आड सगळ्यात आधी आटला. माय लांबच्या विहिरीवरून दोन घागरी आणायची, त्यात दिवस काढायचा. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात आक्काला तहान लागली. साधी तहान नव्हे ती. तांब्या तोंडाला लावला की खाली ठेवायची नाही. माय ओरडायची, "आगं, समद्या घराचं पाणी हाय ते! दम धर की जरा." आक्का ओशाळायची, तांब्या ठेवायची, आणि माय पाठमोरी झाली की पुन्हा रांजणाशी. दुष्काळात तहानेचं कुणाला नवल? सगळं गावच तहानलेलं होतं. शाळेत मुलांना गोड सुकडी मिळायची, ती आक्का माझ्याही वाटची खायची आणि तरी दिवसेंदिवस वाळत चालली होती. तेही कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. त्या वर्षी सगळीच पोरं वाळली होती.

मायला शंका आली ती मुंग्यांनी. घरामागं आक्का जिथं लघवीला बसायची तिथं मुंग्यांची रांग लागलेली. मायनं ते दादांना दाखवलं. त्यांनी कुठंतरी वाचलेलं असावं, कारण त्यांचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का उठलीच नाही. धापा टाकल्यासारखा खोल श्वास, आणि तोंडाला पिकल्या पेरूसारखा वास. दादांनी तिला खांद्यावर टाकलं आणि स्टँडकडं पळाले, मागं माय, मायचा पदर धरून मी. लातूरहून सोलापूरला जाणारी गाडी लागलेली होती. कंडक्टर होते रहीमचाचा, दादांच्या ओळखीचे. त्यांनी मागची अख्खी सीट रिकामी करवली, आक्काला आडवं केलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मियाँ, आता सोलापूरपर्यंत ब्रेक इसरून जा."

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. मधुमेह. मुलांना होतो तो. सलाईन लावलं, सुया दिल्या, आणि दादांना बाजूला घेऊन सांगितलं की आता आपण फक्त वाट बघायची. माय पलंगाशेजारी खाली भिंतीला टेकून बसली होती. आक्कानं डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. माय लगबगीनं उठली, भांडं पुढं केलं, "घे बाई, पाणी घे. कितीबी पी. मी काय बी बोलणार न्हाई." आक्कानं मान हलवली. म्हणाली, "नगं माय. तहान न्हाई लागली."

माय तिथंच भांडं हातात धरून हमसून हमसून रडली. मी तिला इतकं आनंदानं रडताना नंतर कधी बघितलं नाही.

पण डॉक्टरांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. या मुलीच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, ते बाहेरून द्यावं लागेल, रोज, जन्मभर. हे ऐकून गावातला एक चुलता दादांना समजवायला आला. पोरीची जात, रोज सुई, पुढं लग्न कोण करणार, होईल ते होऊ द्यावं... दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "रोज भाकर देतोच की तिला. तशी रोज सुई देऊ." शेजारच्या म्हातारीला कळलं की हे औषध बैलाडुकराच्या अंगातून काढतात, तिनं नाकाला पदर लावला. माय चुलीपासून उठलीसुद्धा नाही. "माझी लेक जिती हाय," म्हणाली, "मग ते कुणाच्या का अंगातलं असंना."

सुई मायनं द्यायची ठरली. काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची. मायनं आधी वांग्यावर सराव केला. पण पहिल्या सकाळी आक्काची मांडी समोर आली आणि मायला सुई टोचवेना. आक्कानं हात पुढं केला. मग म्हणाली, "माय, दे हिकडं," आणि तिनं स्वतःच्या हातानं सुई टोचली. माय डोळे मिटून बसलेली. "झालं?" तिनं विचारलं. "कवाच," आक्का म्हणाली. त्या दिवसापासून दुसऱ्या कुणी तिला सुई दिली नाही.

इन्सुलिन सोलापूरहून यायचं, तेही थंड राहायला हवं. रहीमचाचा घरच्या थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायचे आणि औशाच्या स्टँडवर दादांच्या हातात द्यायचे. घरी फ्रीज कुठला? दादांनी मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून मध्ये छोटं मडकं बसवलं, बाटली त्यात. वाळू ओली ठेवायला पाणी लागे, आणि पाणी तर नव्हतं. मग आम्ही हात धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्या वाळूत ओतायचो. तांदूळ धुतलेलं पाणी सांडलं तर माय आरडायची, "आक्काच्या वाळूचं पाणी हाय ते!" एकदा बाटली मायच्या हातून निसटली आणि दगडावर फुटली. दादांनी सकाळच्या गाडीवर चाचांना निरोप दिला. संध्याकाळची गाडी आली नाही. तुळजापूरच्या पुढं बंद पडली होती. दिवस कलता कलता आक्का म्हणाली, "माय, पाणी दे." एरवी किती साधे शब्द ते. पण आमच्या घरात कुणाचं काळीज ठिकाणावर राहिलं नाही. तासाभरात तिनं पुन्हा मागितलं, मग पुन्हा. दिवेलागण होऊन बराच वेळ झाल्यावर चाचा दारात उभे राहिले. बंद गाडीतले प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवून, स्वतः दारात लटकून आलेले, खाकी कपडे धुळीनं पांढरे झालेले. "लेव मास्तर, पयले ये लेव," थर्मास पुढं करत म्हणाले, "बर्फ हाय अजून." मायनं त्यांना बसायला पाट दिला आणि घरातलं उरलेलं सगळं पाणी त्यांच्यापुढं ठेवलं.

आक्काला विज्ञानाची गोडी लागली ती याच आजारातून. दादांनी तिला लघवीतली साखर तपासायला शिकवलं होतं. परीक्षानळीत निळं रसायन घ्यायचं, थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. साखर असली की रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी व्हायचा. निळा तसाच राहिला की आक्का घरभर नाचायची, "निळं आलं! निळं आलं!" आणि दादा हसून म्हणायचे, "आपलाच रंग की गं तो." पुढं लातूरला कॉलेज, मग औरंगाबादला जीवशास्त्रात एम.एस्सी., मग लातुरातच शिकवण्याची नोकरी. दादा रोज तिच्या पत्राची वाट बघत, पण तब्येतीचं काही विचारत नसत. तिला ते आवडायचं नाही हे त्यांना माहीत होतं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. फटाके उडाले, मिरवणुका निघाल्या. आक्का मात्र त्या सालची दुसरीच गोष्ट सांगायची. त्याच वर्षी तिकडं परदेशात माणसाचं इन्सुलिन जंतूंकडून बनवून घ्यायला मंजुरी मिळाली होती. वर्गात शिकवताना ती आधी साठ वर्षं मागं जायची. कॅनडातला एक तरुण डॉक्टर आणि त्याचा विद्यार्थी सोबती, कुत्र्यांवरचे त्यांचे प्रयोग, आणि मरणाच्या दारातून परत आलेला पहिला मुलगा. त्याच्याआधी अशा लेकरांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडं डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. मग जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं औषध. आणि आता? आपल्या आतड्यात राहणारा एक साधा जंतू, त्याच्यात माणसाच्या इन्सुलिनची कृती घालून दिलेली. "ज्याला आपण घाण म्हणतो," ती पोरांना सांगायची, "तोच आता माझ्यासाठी सैपाक करून राहिलाय." हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिला ते औषध मिळालेलंही नव्हतं. आपल्याकडं यायला त्याला आणखी काही वर्षं लागली.

नवा जिल्हा झाला आणि नवी कार्यालयं आली, तसे आमचे प्रभाकरदाजी आले. कलेक्टर कचेरीत कारकून. बघायला आले तेव्हा आक्कानं पोह्यांची बशी ठेवली आणि बसूनच घेतलं. "मी रोज सुई घेते," म्हणाली. "मूल होईल की न्हाई, ठाऊक न्हाई. किती जगेन, ते बी ठाऊक न्हाई." दाजींच्या आई उठायच्या बेतात होत्या. दाजींनी चष्मा काढला, पुसला. "मी किती जगेन ते मला तरी कुठं ठाऊक आहे?" म्हणाले, आणि पोहे खायला लागले.

मुक्ताच्या वेळी मात्र आम्ही सगळे हादरलो. तोवर लातुरात एक अनुभवी डॉक्टरीणबाई आलेल्या होत्या. त्या स्पष्टच म्हणाल्या, अवघड आहे, अशक्य नाही. आक्कानं ते दिवस एखादं व्रत असावं तसे काढले. सुया वाढल्या, रंग बघणं वाढलं, खाणं वजनावर आलं. मी तोवर दादांसारखीच मास्तरकी करत होते; शेवटचे आठवडे शाळेतून रजा घेऊन तिच्याजवळ होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर माय, दादा, दाजी, मी, सगळेच ताटकळत होतो. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचा कपडा खाली ओढला. "मुलगी आहे. अंगानं चांगली दणकट. साखर जरा कमी झाली होती, ग्लुकोज दिलंय, आता रडून राहिली मस्त." मायनं विचारलं, "आन् माझी?" बाई हसल्या. "तुमची शुद्धीवर येतेय. पहिल्यांदा पोरीची साखर विचारली तिनं."

ते जंतूंनी बनवलेलं इन्सुलिन तिच्या हाती आलं तेव्हा ती नांदेडला बदलून गेली होती. जुन्या औषधानं तिच्या मांड्यांवर जागोजाग खड्डे पडले होते. म्हणून ती बहिणींच्या घोळक्यातही लुगडं गुडघ्यावर घ्यायची नाही. वर्षभरानं मी तिच्याकडं गेले तर दार लावून मला म्हणाली, "बघ." मी बघितलं. खड्डे भरत आले होते. आम्ही दोघी पोरींसारख्या हसलो. मग घरी साखर मोजायचं यंत्र आलं आणि त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तिनं आणखी एक गंमत केली. दर वर्षी ती सगळ्यांसाठी खीर करायची आणि स्वतः नुसता वास घ्यायची. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचं नाव आणि खिरीला शिवता येत नाही, म्हणून दादा हळहळायचे. त्या दिवशी तिनं बोट टोचून साखर बघितली, सुईत जराशी भर घातली आणि दादांसमोर बसून एक वाटी खीर खाल्ली. दादा तिच्या चमच्याकडं बघत राहिले. "कशी झाली?" त्यांनी विचारलं. "आजवर फुकट मुकले की मी," ती म्हणाली, "लई चांगली करते हो मी!" त्यानंतर दादा फार जगले नाहीत, पण ते त्या दिवसापासून निवांत झाले होते, हे मी बघितलंय.

आक्का गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दोन-तीन आठवड्यांनी मी पुन्हा नांदेडला गेले. मुक्ता अजून तिथंच होती. फ्रीजमधली उरलेली औषधं तिनं दवाखान्यातल्या एका मुलीसाठी देऊन टाकली होती. आम्ही मायलेकींसारख्या आक्काच्या साड्या घड्या घालत बोलत बसलो होतो. दुपार चढत होती, गप्पा संपत नव्हत्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. बघतो तर दाजी ताटं मांडत होते. भाकरी फडक्यात गुंडाळलेली, वरण वाढलेलं, पाण्याचे पेले भरलेले. आक्काची सुई झाली की तिला जेवायला उशीर चालायचा नाही, म्हणून त्या घरात इतकी वर्षं सगळेच त्या ठोक्याला बसायचे. लग्न असो, पाहुणे असोत, मॅच असो.

"बाबा," मुक्ता हळूच म्हणाली, "आता कशाची घाई?"

दाजींनी मीठ वाढलं, वाटी सरळ केली.

"घाई नाही गं," म्हणाले. "वेळ झाली."

आम्ही साड्या तशाच ठेवल्या आणि हात धुवून ताटावर बसलो.